पाळी सुटताना रजिस्टरात काय लिहिता?

पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात): वय ४३. घर खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर. दर आठवड्याला पाळी बदलते. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावावरच्या भातशेतीची वारसा नोंद अजून झालेली नाही. कागद बरेचसे जमवले, पण अर्ज कन्नडमध्ये भरायचा म्हणून राहिला. वडील गावच्या भजनी मंडळात होते. त्यांच्या हस्ताक्षरातल्या नऊ वह्या स्वच्छ उतरवून काढायला घेतल्या, दीड वहीवर काम थांबलं, कारण पुढची पानं २०१९ च्या पावसात भिजून चिकटली आहेत. बढतीला उपयोग होईल म्हणून संगणकावरच्या डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स लावला, तो दोन महिन्यांत सुटला. "पहाटे चारला उठून पाहिलं. फोनमधलं सगळं काढून टाकून पाहिलं. बसमध्ये एकाग्रतेवरची भाषणं ऐकतो. चार दिवस जोर असतो, मग ओसरतो. बायको म्हणते, तुमचं सगळं निम्म्यातच राहतंय. धाकटी बहीण निपाणीहून फोन करते, तो मी हल्ली उचलत नाही. माझ्यात चिकाटीच नाही का?"

उत्तर:

भाऊ,

तुम्ही सीएनसी मशीनवर काम करता हे पत्रात एका ओळीत सांगून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. माझे थोरले बंधू याच पट्ट्यात तीस वर्षं मशीनवर होते, त्यामुळे ते काम काय असतं हे मला घरात बसून पाहायला मिळालं आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने माप चुकलं तर पीस बाद. आठ तास उभं राहून तेच माप सांभाळायचं, कान मशीनच्या आवाजाकडे आणि डोळा मापाच्या उपकरणाकडे. चिकाटी नसलेल्या माणसाच्या हाती कुणी ते मशीन देत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. कारखान्यात तुमचं काम तडीला जातं आणि घरी जात नाही. मग कारखान्यात असं काय आहे जे घरी नाही?

बंधूंनी मला एकदा त्यांच्या मशीनशेजारचं रजिस्टर दाखवलं होतं. पाळी सुटताना त्यात जे लिहीत, ते साधारण असं: "१०० पैकी ६२ झाले. चार नंबर टूलचा इन्सर्ट बदलला. बोअर ०.०२ ने मोठा येत होता, ऑफसेट दिला आहे. पुढच्या पाच पीसनंतर माप बघणे." एवढंच. म्हणजे कापणारी धार बदलली, भोक किंचित मोठं पडत होतं ते मशीनला सांगून सुधारलं. रात्रपाळीचा माणूस येतो, चार ओळी वाचतो आणि त्रेसष्टावा पीस लावतो. काम कुठवर आलं, काय बिघडलं होतं, आता हात कुठे घालायचा, यातलं काहीच त्याला आठवावं लागत नाही. सगळं लिहून ठेवलेलं असतं.

आता घरी काय होतं ते बघा. तुम्ही वडिलांची वही मिटून फळीवर ठेवली. महिन्याभराने रविवारी काढली. कुठवर उतरवलं होतं, तो ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आपण कसा सोडवला होता, चालीची खूण समासात घ्यायची ठरली होती की ओळीवर, हे आठवण्यातच अर्धा तास जातो. दरम्यान कुणीतरी हाक मारतं, तुम्ही उठता आणि वही पुन्हा फळीवर जाते. तुम्ही म्हणता चिकाटी कमी पडली. मला वाटतं, तुम्ही स्वतःकडून स्वतःकडे पाळी कधी सोपवलीच नाही.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. सोफी लरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये कामाच्या मध्येच उठावं लागणाऱ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्धवट सोडलेलं काम मागे लागून राहतं आणि हातातल्या दुसऱ्या कामात लक्ष पुरतं लागत नाही. पण उठण्याआधी मिनिटभर काढून आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांचं लक्ष दुसऱ्या कामात बरंच मोकळं झालं. तुमच्या रजिस्टरातल्या त्या चार ओळी हेच करतात. आणखी जुनी गोष्ट हवी असेल तर १९२८ मधली आहे. मारिया ओव्हसियानकिना या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने बर्लिनमध्ये प्रयोग केले होते. माणसांना मध्येच थांबवलं आणि नंतर मोकळं सोडलं, तर बहुतेक जण कुणी न सांगता अर्धवट कामाकडे परत वळले. मनाला परत जायचंच असतं. तुम्हाला दोन वर्षं ही टोचणी लागून आहे ती म्हणूनच. ज्याच्यात चिकाटी नाही त्याला ती लागली नसती.

माझी आत्या वडगावला हातमागावर बसायची. लहानपणी मला एका गोष्टीचं नवल वाटे. साडी विणून झाली की ती माग पुरता मोकळा करत नसे. जुन्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, हातभर टोक फणीत तसंच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकाला पिळून जोडत जायची. हजारो धागे, दिवसभराचं काम. मी विचारलं, नवीन साडी आहे तर नवीनच का लावत नाहीस? ती म्हणाली, सगळं कापून टाकलं तर प्रत्येक धागा फणीतून पुन्हा ओवावा लागतो, त्यात माणूस मोडतो. तुम्ही दर वेळी ताणा कापून उठता. पहाटे चारचा बेत, फोन रिकामा करणं, नवी वही, नवी भाषणं, म्हणजे दर खेपेला फणी पहिल्यापासून ओवणं. चार दिवस जोर टिकतो आणि पाचव्या दिवशी माणूस दमतो. यात तुमचा दोष मला तरी दिसत नाही.

पहाटे चारचंच घ्या. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याने घड्याळाला काम बांधूच नये. रात्रपाळीच्या आठवड्यात तुमचे चार वाजतात मशीनपुढे. मग काम कशाला बांधायचं? रोज घडतंच घडतं अशा एखाद्या गोष्टीला बांधा. कुठल्याही पाळीवरून घरी आल्यावर तुम्ही हातपाय धुता, चहा घेता. चहाचा कप खाली ठेवला की वही उघडायची. "अमुक झालं की तमुक करायचं" असा नेमका बेत केलेला असला की काम होण्याची शक्यता चांगलीच वाढते, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्यानंतर अनेकांनी दाखवलं आहे. वेळ वीस मिनिटं पुरे. रात्रपाळीहून आलात आणि डोळे मिटत असतील तर फक्त एक ओळ उतरवा आणि झोपा. वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यातलं काही काढून टाकायची गरज नाही.

आणि एखादा दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१० साली फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात ते पाहिलं. मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्यासारखी माणसं पहिला दिवस चुकला की पूर्ण बेतच रद्द करतात. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तुम्ही शेतात असणार, चिखलाने हात भरलेले असणार. ते दोन-तीन आठवडे वही बंद राहील हे आत्ताच धरून चाला. शेवटच्या दिवशी रजिस्टरात तसं लिहा: "नट्टी संपली की दुसरी वही, पान ६१ पासून." मग तो खंड राहत नाही, ती सुटी होते.

आता एकेक काम घेऊ.

कोर्स सोडून द्या. तुम्ही लिहिता की "बढतीला उपयोग होईल म्हणून" लावला. पण कोर्स आवडत होता असं पत्रात कुठेही नाही. चार महिने राहिलेला कोर्स डोक्यावर ओझं म्हणून वागवण्यापेक्षा तारीख घालून लिहा, "हे काम मी आज बंद केलं." सोडून देणं हाही कामाचा शेवट आहे, फक्त तो ठरवून केलेला असावा. पुढे बढतीचा प्रश्न खरोखर समोर आला तर नव्याने विचार करता येईल. याच जातीचं एखादं काम बऱ्याच वाचकांकडे असेल: कुणाची विणायला घेतलेली मफलर, कुणाची तीन वर्षांपूर्वी भरलेली स्पर्धा परीक्षा. त्यांनाही मी हेच म्हणेन. पाच कामं उघडी ठेवून मन एका ठिकाणी राहील अशी अपेक्षा करणं त्या मनावर अन्याय आहे.

वह्यांचं काम मोठं आहे आणि तुम्ही ते एकच काम धरून बसला आहात. नऊ वह्या, धरून चालू की एकेकीची शंभर पानं. रोज एक पान म्हटलं तरी उरलेली साडेसातशे पानं दोन वर्षं घेतील, आणि रोज पान होणार नाही. १९९४ मध्ये कॅनडात काही विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत संपेल. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५. आपण सगळेच असं कमी धरतो आणि मग स्वतःला आळशी ठरवतो. म्हणून वही पुरी होणं म्हणजे काय, ते आधी ठरवा. कारखान्यात कुणी तुम्हाला "पीस करत राहा" असं सांगत नाही, शंभरचा आकडा सांगतात. तुमचा आकडा एक वही. दुसरी वही संपली की काम संपलं, बायको-मुलांना दाखवायचं. तिसरी हे नवीन काम.

पण त्याच्याही आधी एक करा. येत्या सुटीच्या दिवशी उजेडात, खिडकीशी बसून सगळ्या नऊ वह्यांचे फोनवर फोटो काढा. दोन पानांचा एक फोटो, घरातल्या कुणीतरी वही धरायची. साडेचारशेच्या आसपास फोटो होतील, एका दिवसाचं काम आहे. ते दोन ठिकाणी ठेवा, एक बहिणीकडे. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. एकदा फोटो झाले की वह्या जातील ही धास्ती जाईल, आणि मग उतरवणं सावकाश झालं तरी चालेल. चिकटलेली पानं सुरी घालून सोडवू नका, शाईसकट पापुद्रा येईल. ती आहेत तशी ठेवा.

त्या पानांवर तुम्ही थांबलात ना, त्याबद्दल थोडं. "पुढची पानं चिकटली आहेत" असं तुम्ही लिहिलं, पण त्यापुढे सात वह्या धडधाकट आहेत. मग हात का थांबला? मला वाटतं, काहीही गाळायचं नाही असं तुम्ही मनाशी धरलं होतं. अपुरी राहिलेली एक ओळ तुम्हाला सहन होत नाही. हाच स्वभाव मशीनवर तुमची भाकरी कमावतो, पण इथे तो आडवा आला. नव्या वहीत तेवढी जागा कोरी सोडा, शिसपेन्सिलीने लिहा "इथली ओळ लागत नाही" आणि पुढच्या पानावर जा. वडिलांच्या मंडळातले कुणी सत्तरी ओलांडलेले टाळकरी, विणेकरी अजून गावात असतील. त्यांना ते अभंग तोंडपाठ असणार, आणि समासात वडिलांनी लिहिलेल्या चालीच्या खुणा वाचता येतील अशी बहुधा तेवढीच माणसं उरली असतील.

आता वारसा नोंद. इथे मी जरा जपून बोलते.

अर्ज कन्नडमध्ये आहे म्हणून राहिला, असं तुम्ही लिहिता. आपल्याकडे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचा सरकारी कागदापुढे हात अडखळतो, हे खरं आहे. त्याचा त्रास मला माहीत आहे आणि त्याला मी लहान मानत नाही. पण भाऊ, वीस वर्षं तुम्ही उद्यमबागेत कन्नड बोलणाऱ्या माणसांबरोबर डबा खाता. त्यातल्या एकाला बरोबर घेऊन नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीत, जाणं तुम्हाला अवघड नाही. तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारेही बसलेले असतात. भाषेची अडचण अर्ध्या दिवसाची आहे. मग दोन वर्षं कशाची?

पत्रात तुम्ही बहिणीबद्दल एकच वाक्य लिहिलंत. ती फोन करते आणि तुम्ही उचलत नाही. वारसा नोंदीला वंशावळ लागते आणि वंशावळीत बहिणीचं नाव येतं. तिला काय द्यायचं, ती काय मागेल, नवऱ्याकडचे काय म्हणतील, हा विषय काढावा लागणार, आणि मला वाटतं अर्ज अडलाय तो इथे. मी चुकत असेन तर सोडून द्या. पण चुकत नसेन तर चार गोष्टी सांगते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, तो तुमच्या देण्या न देण्यावर नाही. वारसा नोंद ही महसूल खात्यातली नोंद आहे, तिने वाटणी होत नाही. तेव्हा तिचं नाव लागलं म्हणजे उद्या शेतात बांध पडला असं समजू नका. तिला हक्क सोडायचाच असेल तर त्यासाठी नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, ती तिची मर्जी, आणि तो विषय आज काढायचाही नाही. आज फक्त एवढं म्हणायचं: "अप्पांच्या जमिनीची नोंद करायची राहिली, आपण दोघांनी मिळून करू. तुझं आधार कार्ड लागेल."

कदाचित ती जमिनीसाठी फोन करतच नसेल. वडील गेल्यावर भावाचा आवाज ऐकायला बहिणी फोन करतात.

अजून एक शंका मनात आली ती लिहिते. नोंद झाली की उताऱ्यावर तुमची नावं चढतील आणि वडिलांचं नाव जाईल. नववी वही उतरवून झाली की त्यांच्या हातचं वाचायचं काही उरणार नाही. अडलेली ही दोन्ही कामं त्यांची आहेत. कुणीतरी आतून हात धरत असेल तर ते आळसानेच असेल असं नाही. एका संध्याकाळी बायकोजवळ हे बोलून बघा. ती निम्म्यातच राहतंय म्हणते, कारण तिला फक्त वही फळीवर दिसते, तुमच्या मनातलं तिला दिसत नाही. आणि झोप लागत नसेल, जेवणाची चव गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर १४४१६ या टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर बोला, किंवा धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात जाऊन या. बसने फार तर दोन-अडीच तासांचं अंतर आहे. तिथे जायला वेड लागावं लागत नाही.

दोन्ही कामं एकत्र चालवता येतील, कारण त्यांची जात वेगळी आहे. नोंदीच्या कामात बहुतेक वाट पाहणं असतं: अर्ज दिला, पोच घेतली, तलाठी चौकशीला येईल, हरकतीची मुदत जाईल. त्या कामाला रोज वेळ लागत नाही, लागते ती पुढची तारीख. फळीवर एक साधी वही ठेवा, कारखान्यातल्यासारखी. डाव्या पानावर नोंद, उजव्या पानावर वह्या. कुठलंही काम खाली ठेवताना तीन ओळी लिहायच्या: कुठवर आलं, काय अडलं, पुढे पहिला हात कुठे. "पुढे पहिला हात" ही ओळ इतकी लहान हवी की थकलेल्या माणसालाही ती करता यावी. "अर्जाचं बघणे" असं लिहू नका. "मृत्यू दाखल्याच्या दोन झेरॉक्स, बसस्टँडसमोर" असं लिहा. शक्य असेल तेव्हा पान अर्ध्यात सोडा, पुढची ओळ माहीत असताना उठा. आत्या उठण्याआधी धोटा (मागातून आडवा धागा नेणारं लाकूड) नेहमी डाव्या हाताला ठेवायची. सकाळी बसली की विचार न करता हात तिकडे जाई.

बसमधली ती भाषणं थोडे दिवस बंद ठेवा. ऐकल्याने काम झाल्यासारखं वाटतं आणि घरी येईतो जोर खर्च झालेला असतो. त्या पाऊण तासात खिडकीतून बाहेर बघा, किंवा झोप काढा. पाळीवरून आलेल्या माणसाला झोपेची गरज आहे.

डाव्या पानावरची पहिली नोंद मीच लिहून देते, तुमच्या अक्षरात उतरवून घ्या: "कागद जमले आहेत. निपाणीला फोन राहिला आहे. पुढे पहिला हात: पहिल्या पाळीच्या दिवशी संध्याकाळी, चहा झाल्यावर, बहिणीला फोन. आधी तिच्या मुलांची चौकशी करणे."